पोरीच्या छातीवरचा व्रण



या अंकाचा विषय ठरवायला बसलो तेव्हा आमच्या संपादक गटात दोन तट पडले. लहान मुलांचे जन्मजात हृदयविकार हा डॉक्टरांचा विषय, आपण त्यात काय बोलणार, असं काहीजणींचं म्हणणं होतं. हुंडा, मारझोड, पोटगी, जमिनीतला वाटा हे सगळे प्रश्न सुटले का, की आता आपण स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून निघालो, असाही एक टोमणा आला. मी दुसऱ्या तटातली. माझ्यासमोर दोन आकडे होते आणि ते काही केल्या डोक्यातून जात नव्हते.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या म्हणजे एम्समधल्या डॉक्टरांनी केलेला एक अभ्यास २०११ साली 'हार्ट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बारा वर्षांपर्यंतची ४०५ मुलं. सगळ्यांना जन्मजात हृदयविकार, सगळ्यांना तिथल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितलेली. वर्षभरानं पाहिलं तर मुलग्यांपैकी ७० टक्क्यांची शस्त्रक्रिया झाली होती आणि मुलींपैकी ४४ टक्क्यांची. तोच दवाखाना, तेच डॉक्टर, तोच सल्ला. फरक होता तो फक्त मूल मुलगा की मुलगी एवढाच.

आणि हे कोणाचं? जी मुलं दिल्लीपर्यंत पोचली, ज्यांच्या छातीचा इको निघाला, ज्यांच्या आजाराला नाव मिळालं, त्यांचं. ज्या पोरींच्या आजाराला नावच मिळालं नाही, त्यांची मोजणी कुठल्या अभ्यासात होणार? म्हणून हा अंक.

जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. हे प्रमाण जगभर थोड्याफार फरकानं सारखंच आहे. श्रीमंत देश, गरीब देश असा भेद हृदय करत नाही; भेद पुढे सुरू होतो. भारतात वर्षाला दोन लाखांहून अधिक अशी बाळं जन्मतात. आपल्या महाराष्ट्रात वर्षाला अठरा लाखांच्या आसपास जन्म होतात असं धरलं, तर पंधरा हजार बाळं झाली. यातली पुष्कळशी भोकं बारीक असतात, आपोआप बुजतात. पण साधारण पाचातल्या एका बाळाला पहिल्या वर्षातच उपचार मिळाले नाहीत तर ते जगत नाही.

आता थोडं शरीराविषयी. हे वाचायला कंटाळू नका, कारण यातलं निम्मं आपल्याला बाळंतिणीच्या खोलीत कामाला येणारं आहे.

हृदयाला चार कप्पे. उजवीकडचं रक्त फुप्फुसात जाऊन प्राणवायू घेतं, डावीकडे येतं आणि तिथून सर्वांगाला जातं. मधल्या पडद्याला भोक राहिलं, एखादी झडप अरुंद राहिली, मोठ्या रक्तवाहिन्या उलटसुलट जोडल्या गेल्या, की हा सगळा व्यवहार बिघडतो. पोटात असताना बाळाला फुप्फुसं वापरायची नसतात, वारेतूनच सगळं मिळतं. म्हणून फुप्फुसाला वळसा घालून जाणारी एक छोटी रक्तवाहिनी त्याच्यापाशी असते. जन्मल्यावर काही दिवसांत ती आपोआप मिटते. निरोगी बाळाचं त्यात काही बिघडत नाही. पण काही बाळांच्या हृदयातला मुख्य रस्ताच बंद असतो आणि त्यांचा जीव त्या आडवाटेवर तगलेला असतो. असं बाळ जन्मतं तेव्हा रडतं, गुलाबी दिसतं, अंगावर पितंही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी येतं. मग वाहिनी मिटायला लागते आणि बाळ निळं पडतं, थंड पडतं, दूध सोडतं.

हे कधी घडतं? बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात. म्हणजे आपल्याकडे पाचवी पुजली जाते, सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते असं मानतात, त्याच दिवसांत. बाळ गेलं की 'तिनं लिहिलंच होतं' म्हणून घर गप्प होतं. मृत्यूच्या दाखल्यावर, दाखला झालाच तर, 'श्वास कोंडून' किंवा 'जंतुसंसर्ग' असं काहीतरी येतं. हृदयाचं नाव कुठंच येत नाही.

बाळंतिणीच्या खोलीचाही यात भाग आहे. खिडकी बंद, दाराला पडदा, कोपऱ्यात शेगडी, ओव्या-शेपांची धुरी. बाळाचे ओठ निळे आहेत की नाहीत, हे त्या अंधारात दिसणार कसं? त्यातून आपली मुलं सावळी. कातडीवर निळेपणा कळत नाही, तो जिभेवर, हिरड्यांवर, ओठांच्या आतल्या बाजूला पाहावा लागतो, आणि तोही दिवसाच्या उजेडात. नखं नुसती थंडीनंही निळी होतात, पण जीभ निळी दिसली तर ती थंडी नव्हे. सुईणींच्या आणि आशाताईंच्या प्रशिक्षणात एवढी एक गोष्ट पक्की बसवली तरी पुष्कळ होईल.

दुसऱ्या प्रकारची बाळं लगेच आजारी पडत नाहीत. पडद्याला मोठं भोक असतं, रक्त फुप्फुसात नको तितकं जात राहतं, आणि महिना-दीड महिन्यात बाळ थकायला लागतं. ते कसं थकतं, हे कुठल्याही मशीनच्या आधी आईला कळतं. वस्तीतल्या आरोग्याच्या बैठकांमध्ये मी बायकांना विचारत आले आहे, आणि त्या जे सांगतात ते डॉक्टरांच्या पुस्तकाशी तंतोतंत जुळतं. "दोन घोट ओढतंय आन् सोडतंय, दम खातंय, पुन्यांदा धरतंय." "पिताना कपाळाला घाम सुटतो, थंडीत सुद्धा." "तासभर पाजलं तरी पोट भरत नाही, लगेच रडतंय." "छाती उडतीया." एका बाईनं तर सांगितलं, बाळाच्या छातीवर हात ठेवला की मांजर गुरगुरल्यासारखं हाताला लागतं. वैद्यकाच्या पुस्तकातही याला मांजराच्या गुरगुरण्याचीच उपमा आहे. ती बाई शाळेत गेलेली नव्हती.

बाळाला दूध पिणं म्हणजे आपल्याला डोक्यावर हंडा घेऊन चढण चढण्यासारखं. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात कष्टाचं काम तेच. म्हणून हृदय दमलेलं असलं तर ते आधी दूध पिताना दिसतं. ही साधी गोष्ट घरात कुणी समजून घेत नाही. घरात काय म्हणतात? "हिचं दूधच पातळ." "हिला पाजताच येत नाही." "अंगावरचं पुरत नाही, वरचं घाला." बाळाचं वजन वाढत नाही याचा दोष आईच्या दुधावर जातो आणि दोष घेऊन ती गप्प बसते. अंगणवाडीत वजन होतं, तक्त्यावर बाळ लाल पट्ट्यात जातं, 'तीव्र कुपोषित' अशी नोंद होते, जादा आहार सुरू होतो. पुन्हा वजन, पुन्हा लाल पट्टा. छातीला नळी लावून कुणी ऐकत नाही. तीनदा न्यूमोनिया झालेलं, आहार देऊनही वजन न वाढणारं मूल दिसलं, तर आधी हृदय तपासा, हे अंगणवाडीच्या भिंतीवर लिहून ठेवायला हवं. मेळघाटात तान्ह्याचं पोट फुगलं की पोटाला चटके देतात, म्हणून आपण सुशिक्षित माणसं हळहळतो. पण शहरातलं कुटुंबही त्याच बाळाला चार महिने वेगवेगळ्या दवाखान्यांत खोकल्याची बाटली पाजत असतं. दोन्हीकडे मधल्या काळात भोक तसंच राहतं.

तिसरी मुलं जरा मोठी. पळापळी खेळताना मध्येच उकिडवी बसतात, जरा वेळानं उठून पुन्हा खेळायला लागतात. 'फॅलो'चा विकार असलेल्या मुलाला हे कुणी शिकवलेलं नसतं. उकिडवं बसलं की पायांकडच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा होतो आणि थोडं जास्त रक्त फुप्फुसाकडे वळतं. त्या चिमुरड्या जिवानं स्वतःच शोधून काढलेला हा उपाय असतो. मुलगा असा बसला तर 'याला काहीतरी होतंय' म्हणून निदान चर्चा तरी होते. मुलगी बसली तर "पोरीची जात, दमली असेल," किंवा "कामाचा कंटाळा." पाणी भरायला ती जातेच.

इथं थोडं विषयांतर करते. मला ते करावंसं वाटतं, कारण या विकारांचं ज्ञान जगाला ज्यांनी दिलं त्यांत बायका आघाडीवर होत्या, आणि हे आपल्याला कुणी सांगत नाही. कॅनडातल्या मॉड ॲबट यांना मॅकगिल विद्यापीठानं बाई म्हणून वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश नाकारला. त्या दुसरीकडे शिकल्या, मॅकगिलच्याच संग्रहालयात मृतांची हृदयं जपून ठेवायच्या कामाला लागल्या, आणि १९३६ साली एक हजार रुग्णांच्या आधारावर जन्मजात हृदयविकारांचा चित्रसंग्रह त्यांनी प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या हेलन टॉसिग यांना हार्वर्डमध्ये वर्ग ऐकू देऊ, पदवी देणार नाही, असं सांगितलं गेलं. त्यांना पुढे ऐकू येणं बरंच कमी झालं, तर त्या मुलांच्या छातीवर हात ठेवून हृदय 'ऐकायच्या'. निळ्या बाळांच्या फुप्फुसात रक्त कमी जातं, ते जास्त पोचवलं तर ती जगतील, हा विचार त्यांचा. त्यावरची पहिली शस्त्रक्रिया २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात झाली. चाकू आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या हातात होता, पण त्यांच्या मागे उभं राहून टाका कुठं, कसा घालायचा हे सांगणारे व्हिव्हियन थॉमस हे काळे तंत्रज्ञ होते. प्राण्यांवर ती शस्त्रक्रिया त्यांनीच बसवलेली. शस्त्रक्रियेला नावं मात्र कैक वर्षं दोन गोऱ्या डॉक्टरांचीच होती. आणि याच टॉसिगबाईंकडे शिकून आलेल्या डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती यांनी दिल्लीत हृदयरोगाचं काम उभं केलं. भारतातल्या पहिल्या स्त्री हृदयरोगतज्ज्ञ म्हणून त्यांना ओळखतात. २०२० साली १०३ वर्षांच्या होऊन त्या कोविडनं गेल्या.

असो. टॉसिगबाईंच्या काळात नव्हतं असं एक साधन आज आपल्या ओळखीचं झालं आहे. बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू सांगणारं ते यंत्र. २०२०च्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई ते घेऊन दारोदार फिरल्या, त्यामुळे आज खेडोपाडी बायकांना ऑक्सिजनचा आकडा कळतो. तेच तंत्र नवजात बाळाला लावायचं. फक्त मोठ्यांचा चिमटा बाळाच्या बोटाला चालत नाही, हातापायाला गुंडाळायची लहान पट्टी लागते. जन्मून चोवीस तास झाल्यावर उजव्या हाताला आणि एका पायाला ती लावून आकडा पाहायचा. कुठेही नव्वदच्या खाली आला तर लगेच तज्ज्ञाकडे. पंचाण्णव किंवा वर, आणि हातापायातला फरक तीनपेक्षा जास्त नाही, तर ठीक. मधलं काही आलं तर तासाभरानं पुन्हा, मग पुन्हा एकदा. सुई नाही, रक्त नाही, दोन-चार मिनिटांचं काम. नर्सबाई सहज करू शकतात.

याचा उपयोग होतो का? चीनमध्ये एक लाख बावीस हजारांहून अधिक नवजात बाळांवर हे करून पाहिलं, आणि २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. वरून निरोगी दिसणाऱ्या बाळांत नुसत्या डॉक्टरी तपासणीनं गंभीर विकारांपैकी ७७ टक्के सापडत होते. तपासणीला ही पट्टी जोडल्यावर ९३ टक्के सापडले. अमेरिकेनं २०११ पासून ही चाचणी सर्व नवजात बाळांसाठी सुचवली आहे. तरी हेही स्पष्ट सांगायला हवं की पडद्याच्या भोकांसारखे विकार हिला सापडत नाहीत, कारण त्या बाळांचा प्राणवायू सुरुवातीला उत्तम असतो. त्यांच्यासाठी दीड महिन्याच्या लसीकरणाला बाळ येतं तेव्हा छातीला नळी लावणं आणि आईला दोन प्रश्न विचारणं हाच उपाय. पिताना घाम येतो का, दम खात पितं का. लसीकरणाच्या दिवशी बाळ हातात असतं, आई समोर असते. मग हे दोन प्रश्न राहतात कसे?

आपल्याकडे योजना नाही असं नाही. 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून देशभर सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत तीसेक आजारांची तपासणी, त्यात जन्मजात हृदयविकार आहे. फिरत्या पथकात दोन डॉक्टर, त्यांतली एक स्त्री, शिवाय नर्स आणि औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. या पथकांनी शोधलेली आणि शस्त्रक्रिया होऊन शाळेत परत गेलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यामुळे योजना कागदावरच आहे असं मी म्हणणार नाही. पण अंगणवाडीत येण्याआधीच जे बाळ जातं, त्याच्यापर्यंत पथक पोचत नाही. त्याला प्रसूतिगृहातच गाठायला हवं. आणि शाळेत पथक येतं त्या दिवशी जी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहिलेली असते, तीही सुटते.

केरळनं २०१७ साली 'हृद्यम' नावाचा कार्यक्रम सुरू केला. कुठल्याही गावातल्या बाळाची नोंद संगणकावर होते, तज्ज्ञ ती पाहून कुणाला आज हलवायचं, कुणाला महिनाभर थांबता येईल ते ठरवतात, आणि जिथं खाट मोकळी असेल तिथं बाळ जातं. त्यात सरकारी आणि खाजगी दोन्ही दवाखाने आहेत. आईनं बाळ कडेवर घेऊन तीन दवाखान्यांच्या रांगा धरायच्या नाहीत. आपल्या राज्यात मुलांची हृदयशस्त्रक्रिया करणारी केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत एकवटलेली. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या आईला कुठं जायचं हे कळेपर्यंतच महिने जातात. वाहिनी मिटू नये म्हणून द्यायचं प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन असतं. ते चालू करून बाळ उबेत ठेवून हलवलं तर पोचतं. ते इंजेक्शन जिल्हा रुग्णालयात हवं आणि ते कधी द्यायचं हे माहीत असणारं माणूसही.

पैशाचं काय, असा प्रश्न येतोच. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत या शस्त्रक्रिया आहेत. नवी मुंबईत खारघरला मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया पूर्ण मोफत करणारं धर्मादाय रुग्णालयही आहे. तरी बायका माघारी येतात. का? योजना शस्त्रक्रियेचे पैसे देते, आईच्या बुडालेल्या मजुरीचे देत नाही. चार घरची धुणीभांडी करणारी बाई पंधरा दिवस दवाखान्यात बसली की चारपैकी दोन घरं जातात. घरी मोठं पोर कुणी सांभाळायचं? रक्त द्यायला माणसं कुठून आणायची? आणि कागद! योजनेला शिधापत्रिका लागते. २०२३च्या निर्णयानं ती सगळ्याच शिधापत्रिकाधारकांना खुली झाली, हे चांगलं झालं. पण टाकलेल्या बाईचं कार्ड कुठं असतं? नवऱ्याच्या घरी, नवऱ्याच्या नावावर. स्वतंत्र शिधापत्रिकेसाठी परित्यक्तांनी काढलेले मोर्चे आठवा. तो प्रश्न असा बाळाच्या छातीपर्यंत येऊन भिडतो.

सहीचंही तसंच. आमच्या ओळखीतल्या एका बाईला एका मोठ्या रुग्णालयात सांगितलं गेलं, बापाला आणा, मग तारीख देऊ. बाप दोन वर्षांपूर्वी निघून गेलेला. सर्वोच्च न्यायालयानं १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात आईलाही नैसर्गिक पालक मानलं आहे, बाप जिवंत असताना सुद्धा, तो जबाबदारी घेत नसेल तर. आम्ही दोघीतिघी जाऊन त्या खिडकीवर हे बोललो तेव्हा कारकुनानं ऐकून घेतलं आणि कागद आत गेला. पण सोबतीला कुणी नसलेल्या बाईनं काय करायचं?

आता मुलींच्या त्या ४४ टक्क्यांकडे येते. एम्सच्या डॉक्टरांनी पालकांना विचारलं तेव्हा पैशाबरोबर एक गोष्ट पुढे आली, ती म्हणजे लग्न. छाती मधोमध उघडावी लागते, गळ्याखालून व्रण राहतो. तो पाहून उद्या मुलगी कोण पत्करणार? आपल्या वस्तीत हीच भाषा मी ऐकली आहे, आणि ती बोलणारी माणसं क्रूर नव्हती. मुलीवर जीव होता. बापानं हिशेब मांडला होता: आज ऑपरेशनला उसनवारी, उद्या व्रणापायी जास्तीचा हुंडा. "पोरगी बरी दिसतीय, खेळतीय, राहू द्या." शहाण्यासुरत्या माणसाला असा हिशेब करावा लागतो, याची चीड यायला हवी ती कुणावर, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

काही विकारांत मांडीच्या शिरेतून नळी घालून भोक बुजवता येतं, टाका पडतच नाही. काही ठिकाणी मुलींसाठी कुशीतून छेद घेतात, म्हणजे व्रण झाकला जातो. जमत असेल तिथं जरूर करावं, मुलीला बरंच वाटेल. पण सगळ्या विकारांत ते जमत नाही, आणि व्रण लपवता येत नाही म्हणून ऑपरेशन टाळणं हे काही उत्तर नव्हे.

'राहू द्या' म्हणून राहिलेल्या मुलीचं पुढे काय होतं? मोठ्या भोकातून वर्षानुवर्षं जादा रक्त फुप्फुसात जात राहिलं की तिथल्या रक्तवाहिन्या जाड आणि कडक होतात. एका टप्प्यानंतर ते कायमचं होतं. मग भोक बुजवायचं म्हटलं तरी बुजवता येत नाही. आधी 'अजून लहान आहे', मग 'आता उशीर झाला'. मुलगी जरा दमते, नखं जरा निळसर, पण चालतीबोलती आहे. तिचं लग्न लावून दिलं जातं, बहुधा आजार लपवून. आणि सातव्या महिन्यात तिला श्वास घेता येईना म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात आणतात, तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी तिच्या छातीला नळी लावतं. या अवस्थेत गरोदरपण जिवावर बेततं, म्हणून डॉक्टर अशा बाईला गरोदर राहू नका असंच सांगतात. तिला ते सांगायला उशीर झालेला असतो. तिचा मृत्यू मग मातामृत्यूत मोजला जातो. पण ती मरायला लागली ती सहा महिन्यांची असताना, हे त्या रकान्यात बसत नाही. स्त्री-चळवळीशी संबंध काय, या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे.

आणखी दोन गोष्टी, ज्यांवर आपल्यातच मतभेद होतील.

गरोदरपणी अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत हृदयाचे कितीतरी गंभीर दोष दिसू शकतात. दिसले तर बाळंतपण मोठ्या दवाखान्यात ठरवता येतं, बाळ जन्मताच उपचार मिळतात. २०२१च्या दुरुस्तीनंतर, गर्भात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळानं ठरवलं तर चोवीस आठवड्यांनंतरही गर्भपाताची मुभा आहे. निर्णय बाईचा, आणि तो तिला नीट माहिती देऊन घेऊ द्यावा. 'असलं मूल कशाला' म्हणून सासरनं तिच्यावर ढकलायचा नव्हे. यातले बरेच दोष दुरुस्त होतात, हे तिला कुणी सांगतं का? दुसरं म्हणजे बाळाच्या हृदयाचा इको काढणारं यंत्रही सोनोग्राफीच्याच जातीचं, त्यामुळे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४च्या कायद्याखाली त्याचीही नोंदणी लागते. या कटकटीमुळे खेड्यात इको पोचत नाही, कायदा सैल करा, असं काही डॉक्टर म्हणतात. मला हे पटत नाही. हा कायदा देशात येण्याआधी १९८८ साली महाराष्ट्रात आला तो बायकांनी रस्त्यावर येऊन आणला. मुली जन्माआधी मारायला जे यंत्र वापरलं गेलं, त्याच्यावरचा पहारा उठवून मुली वाचतील असं मला वाटत नाही. नोंदणी सुटसुटीत करा, सरकारी पथकाला परवाना वेळेत द्या. पहारा मात्र असू द्या.

आणि आईला दोष देणं. ग्रहणात भाजी चिरली, लोखंडाला हात लावला, डोहाळे पुरवले नाहीत. बहुतेक बाळांत दोष का राहिला याचं नेमकं कारण विज्ञानालाही सांगता येत नाही. जी कारणं ठाऊक आहेत त्यांतली काही टाळता येतात: गरोदर बाईचा मधुमेह ताब्यात ठेवणं, फिटच्या काही गोळ्या डॉक्टरांना विचारून वेळीच बदलणं, आणि रुबेला. पहिल्या तीन महिन्यांत आईला हा साधा पुरळाचा ताप आला तर बाळाचं हृदय, डोळे, कान जाऊ शकतात. त्याची लस आता गोवराच्या लसीबरोबर मुलगे-मुली दोघांना मिळते. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याची मोठी मोहीम झाली. तेव्हा अफवांपायी कितीतरी पालकांनी मुलांना शाळेत पाठवलं नव्हतं. ती मुलं आज वयात आली आहेत.

आमच्या गटानं या तिमाहीत एक काम हाती घेतलं आहे आणि त्यात तुमची मदत हवी. आपापल्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा: प्रसूती कक्षात नवजात बाळाची पट्टी असलेलं ऑक्सिजनचं यंत्र आहे का? चालू आहे की कपाटात? बाळ घरी सोडण्याआधी ते लावतात का? बाल स्वास्थ्य पथकानं गेल्या वर्षी हृदयविकाराची किती मुलं पुढे पाठवली, त्यांत मुली किती, आणि त्यांपैकी किती मुलींची शस्त्रक्रिया प्रत्यक्ष झाली? शेवटचा आकडा बहुधा सहज मिळणार नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. अर्जाचा नमुना या अंकाच्या मधल्या पानावर छापला आहे, तो फाडून वापरता येईल. पुढच्या अंकाचा मजकूर आम्ही महिनाअखेर छापखान्यात देतो. तोवर जे हाती येईल ते, अर्धवट असलं तरी, पोस्टकार्डावर का होईना, कळवा.